निवृत्तीनंतर देश बदलला, पेन्शन मात्र जागच्या जागी

झाशी : उन्हासाठी म्हातारपणी देश सोडावा, ही कल्पना सीपरी बाजारात कोणी मांडली तर ती थट्टेवारीच नेली जाईल. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. तरीही निवृत्तीनंतर उबदार देशात स्थायिक होण्याचा जो प्रवाह युरोपात गेली काही दशके दिसतो, त्याचे एक टोक रेल्वे स्थानकालगतच्या या वस्तीपर्यंत येते. तो समजून घ्यायचा तर या शहरात कोण आले, कोण गेले आणि आता कोणाला परतावेसे वाटू शकते, याचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब हवामानाचा नाही. पेन्शन, औषधोपचार आणि वास्तव्याचा हक्क यांपैकी काय सीमा ओलांडून सोबत येते, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

झाशीचा मराठी वावर अठराव्या शतकापासूनचा. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी 1742 पासून येथे कारभार पाहिला. पुढे नेवाळकर घराणे आले आणि 1842 मध्ये ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते आजही महाराष्ट्र गणेश मंदिर म्हणूनच ओळखले जाते. दुसरी लाट रेल्वेची. इंडियन मिडलँड रेल्वे 1900 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत विलीन झाली आणि झाशीची सूत्रे मुंबईहून हलू लागली. स्वातंत्र्यानंतरही झाशी विभाग मध्य रेल्वेतच राहिला. उत्तर मध्य रेल्वेकडे तो गेला 1 एप्रिल 2003 रोजी. मुंबईहून बदलीवर येणे आणि निवृत्तीनंतर येथेच घर करणे, हे त्या काळात अनेकांच्या बाबतीत ओघाने घडले. परप्रांतात निवृत्त होऊन तिथल्या समाजात मिसळून जाणे झाशीला नवे नाही.

गेले ते प्रामुख्याने अँग्लो-इंडियन. इंजिनचालक, गार्ड, फोरमन, तारमास्तर अशा जागांवर या समाजाचा मोठा भरणा होता. जॉन मास्टर्स यांच्या 1954 च्या ‘भोवानी जंक्शन’ या कादंबरीतील शहर झाशीवर बेतले असल्याचे मानले जाते. (तिच्यावरील चित्रपटाचे चित्रीकरण मात्र लाहोरला झाले.) 1947 नंतर या कुटुंबांनी आधी ब्रिटनची आणि पुढे ऑस्ट्रेलिया व कॅनडाची वाट धरली. जाणाऱ्या पिढीतील बहुतेक जण आज हयात नसतील. पण त्यांच्या बोटाला धरून गेलेली मुले आता पेन्शनच्या वयात आहेत किंवा ते ओलांडून पुढे गेली आहेत. मूळ भारतीय असल्याचे सिद्ध करता आले, तर परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, कार्डाच्या आधारे त्यांना भारतात आयुष्यभर राहता येते. पुणे, नाशिक किंवा गोव्यातून ब्रिटनला गेलेल्या मराठी व कोकणी कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. कायद्याने दार उघडे आहे. अडचण दाराच्या आत आल्यावर सुरू होते.

ब्रिटनमधील सरकारी पेन्शन दरवर्षी एप्रिलमध्ये वाढते. सरासरी वेतनवाढ, महागाई किंवा अडीच टक्के, यांपैकी जे सर्वाधिक असेल त्या प्रमाणात ही वाढ मिळते. पेन्शनधारक भारतात कायमचा राहायला आला की वाढ थांबते. येताना जी रक्कम असेल, तीच शेवटपर्यंत मिळत राहते. ब्रिटनमध्ये याला गोठलेली पेन्शन असे नाव पडले आहे. आकड्यांत पाहू. एप्रिल 2016 मध्ये नवी पेन्शन पद्धत सुरू झाली, तेव्हा पूर्ण पेन्शन आठवड्याला 155.65 पौंड होती. एप्रिल 2025 मध्ये ती 230.25 पौंड झाली. 2016 मध्ये निवृत्त होऊन लगेच भारतात आलेल्या व्यक्तीला अजूनही 155.65 पौंडच मिळतात. 2025 च्या दराने फरक वर्षाला सुमारे 3,880 पौंड, म्हणजे चार लाख रुपयांहून अधिक. लंडनमधील शेजाऱ्याइतकीच वर्षे काम करून आणि तेवढीच वर्गणी भरूनही ही व्यक्ती नऊ वर्षांत त्याच्या दोन तृतीयांशांच्या आसपास आली आहे.

नियमाचा विचित्रपणा नकाशा पाहिल्यावर कळतो. अमेरिका, युरोपीय महासंघातील देश, तुर्कस्तान, फिलिपिन्स, जमैका आणि मॉरिशस येथे स्थायिक झालेल्यांची पेन्शन वाढते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका येथे ती गोठते. मॉरिशसला गेलेल्याला वाढ आणि मुंबईला आलेल्याला नाही, यामागे कोणतेही सामाजिक तत्त्व नाही. ज्या देशांशी पूर्वी तसा परस्पर करार झाला त्यांना वाढ, बाकीच्यांना नाही, एवढेच. जगभरात अशा पेन्शनधारकांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे आणि त्यातील बहुतांश राष्ट्रकुलातील देशांत राहतात. ऑस्ट्रेलियाने तर याच कारणावरून ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षा करार 2001 मध्ये मोडीत काढला. त्यानेही लंडनचे मत बदलले नाही.

न्यायालयाचा मार्गही बंद झाला आहे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ॲनेट कार्सन यांनी हा भेदभाव असल्याचा दावा केला. हाउस ऑफ लॉर्ड्सने 2005 मध्ये तो फेटाळला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानेही मार्च 2010 मध्ये त्यांच्या विरोधात बहुमताने निकाल दिला. सामाजिक सुरक्षा ही त्या-त्या देशातील रहिवाशांसाठी असते, त्यामुळे देशाबाहेर राहणाऱ्यांची तुलना देशात राहणाऱ्यांशी करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. युक्तिवाद कायद्याच्या चौकटीत टिकणारा असेलही. पण वर्गणी घेताना ‘पुढे कोठे राहणार’ असे कोणी विचारत नाही, ही बाब त्यात बाजूला पडते.

उरतो तो दोन सरकारांमधील कराराचा मार्ग. भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. त्याला जोडूनच दुहेरी वर्गणी टाळण्याचा समझोता ठरला. तात्पुरत्या कामासाठी दुसऱ्या देशात गेलेल्या कर्मचाऱ्याला दोन्हीकडे सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना त्यातून दिलासा मिळेल. तीस-चाळीस वर्षे वर्गणी भरून कायमचे परतणाऱ्या वृद्धांना त्यातून काहीही मिळत नाही. भारतासाठी वाटाघाटीच्या टेबलावर तरुण मनुष्यबळ हा मोलाचा विषय होता आणि तो त्याने नेटाने लावून धरला. निवृत्तांसाठी बोलणारा मोठा उद्योग मात्र कोणत्याच देशात नसतो.

ऑस्ट्रेलियाची पद्धत वेगळी आहे. तेथील वृद्धत्व पेन्शन वर्गणीवर अवलंबून नसून वास्तव्य, उत्पन्न आणि मालमत्ता पाहून दिली जाते. दीर्घकाळ देशाबाहेर राहिल्यास पूर्ण रकमेसाठी ऑस्ट्रेलियात 35 वर्षांचे वास्तव्य लागते. ते कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात घटते. म्हणजे झाशीतील एकाच घरातून निघालेला एक भाऊ पर्थला आणि दुसरा लंडनला गेला असेल, तर म्हातारपणी गावी परतल्यावर दोघांच्या हाती येणारा पैसा अगदी निराळ्या गणिताने ठरेल.

औषधोपचाराचा प्रश्न सर्वांनाच सारखा. ब्रिटन कायमचे सोडले की तेथील मोफत आरोग्यसेवेचा हक्क संपतो. भारतात विमा नियामकाने 2024 मध्ये आरोग्य विमा घेण्यासाठीची 65 वर्षांची वयोमर्यादा हटवली आणि जानेवारी 2025 मध्ये ज्येष्ठांच्या विमा हप्त्यातील वार्षिक वाढीवर दहा टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे दार किलकिले झाले. पण सत्तरीत पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला हप्ता किती पडतो, हे त्या वयाच्या कोणालाही विचारून पाहावे. त्यात गोठलेली पेन्शन असेल तर हप्ता वाढतो आणि उत्पन्न तेथेच राहते.

आता उलट दिशेचा प्रवास. झाशीच्या रेल्वे पेन्शनधारकाचा मुलगा टोरांटोत किंवा मुलगी मेलबर्नला असेल, तर निवृत्तीनंतर तिकडे जाण्याचा विचार होतो तो नातवंडांसाठी, उन्हासाठी नव्हे. पेन्शन भारतातील खात्यात जमा होत राहते. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो; ‘जीवन प्रमाण’मुळे त्यासाठी आता बँकेत जाण्याची गरज उरलेली नाही. पण उभ्या नोकरीत कमावलेली सर्वांत मोठी सवलत, रेल्वे रुग्णालयातील उपचार, मागे राहते. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षे राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आधी दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियात आईवडिलांसाठीच्या स्वस्त व्हिसाची रांग तीन दशकांच्या आसपास आहे, म्हणजे पासष्टीच्या अर्जदारासाठी ती नाहीच. महागडा पर्याय हजारो डॉलरचा. ब्रिटनने जुलै 2012 पासून नियम इतके कडक केले की मायदेशी आवश्यक देखभाल पैसे मोजूनही मिळत नाही, हे सिद्ध करावे लागते. अमेरिकेत नागरिक असलेल्या मुलांना आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड तुलनेने सहज मिळवता येते. पण नोकरी न केलेल्या वृद्धांना पहिली पाच वर्षे मेडिकेअरचा आधार नाही.

या नियमांचा परिणाम सामाजिक जीवनावर थेट होतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले आणि त्याने ‘उत्तररंग’ नावाने निवृत्तांसाठी स्वतंत्र उपक्रम चालवला. गणेशोत्सव, नाटक, भजनी मंडळ, वाचनालय असे सारे तिकडे आहे. पण मंडळाच्या कामात रुजतो तो ज्याच्या वास्तव्याला मुदत नाही तो. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा आरतीला येतात, कौतुकाने वागवले जातात आणि ओळखी पक्क्या होण्याच्या सुमारास परततात. त्यांच्या एकाकीपणाविषयी बोलताना भाषा, थंडी आणि गाडी चालवता न येणे ही कारणे नेहमी सांगितली जातात. व्हिसावरील तारीख क्वचितच.

भारताची स्वतःची बाजूही तपासायला हवी. थायलंड पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीला बँकेत आठ लाख बाट दाखवल्यास निवृत्तीचा व्हिसा देतो. दुबईने 2020 मध्ये 55 वर्षांवरील व्यक्तींसाठी पाच वर्षांची सोय केली. भारतात भारतीय मूळ नसलेल्या परदेशी नागरिकासाठी निवृत्तीचा व्हिसाच नाही. पर्यटक व्हिसावर राहून त्याला घर विकत घेता येत नाही; पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा करता येतो. गोव्यात समुद्रकिनाऱ्याजवळ घरे घेऊन राहिलेल्या अनेक ब्रिटिश व युरोपीय वृद्धांना 2000 नंतरच्या दशकात परकीय चलन कायद्याखाली चौकशीला तोंड द्यावे लागले, ते याच कारणाने. जमिनींच्या किमती आणि स्थानिकांचा रोष पाहता गोव्याची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण पेन्शनविषयक परस्पर करार ही देवाणघेवाण असते, आणि ब्रिटिश निवृत्तांना भारतात अधिकृतपणे राहण्याची सोयच नसल्याने त्यांच्या पेन्शनवाढीसाठी लंडनमध्ये दबाव आणणारा गटही लहान राहतो. त्यामुळे आज हा प्रश्न मुख्यतः ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड घेऊन परतणाऱ्या भारतीय वंशाच्या वृद्धांपुरता उरला आहे. लंडनच्या हिशेबात ते देश सोडून गेलेले आणि दिल्लीच्या हिशेबात परदेशी नागरिक.