वजनाचं बोलणं औषधाच्या चिठ्ठीबरोबरच व्हावं

गोचीड चावून होणाऱ्या लाइमच्या आजारात माणूस खंगतो, अशी माझ्या पुण्याच्या आत्याची समजूत होती. माझं वजन वाढलं. न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे झाडी आहे, हरणं येतात. मेथीच्या वाफ्यात वाकताना खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड कधी चिकटली ते कळलं नाही. आधी पाठीतून पायात उतरणारी आग, काही महिन्यांनी फुग्यासारखा सुजलेला गुडघा, आणि उपचार चालू असतानाच पंजाबी ड्रेस दंडात घट्ट.

हा आजार इथे घरोघरी माहीत आहे. १९७५च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या आयांनीच आरडाओरडा केला, की आमच्या एवढ्या मुलांचे सांधे का सुजतात? १९८२मध्ये विली बर्गडॉर्फर यांच्या शोधामुळे त्यामागचा जंतू जगापुढे आला. आज अमेरिकेत वर्षाला सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा सरकारी अंदाज आहे. इतक्या लोकांना औषध देताना वजनाबद्दल दोन वाक्यं बोलली जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

लाइमवरच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबद्दल मला सगळं सांगितलं होतं: भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडव्या होऊ नका, उन्हापासून जपा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. पण वजन वाढवणारं औषध सहसा ते नसतंच. नसांच्या वेदनेसाठी मला गाबापेंटिन दिलं, झोप लागावी म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन. दोन्हींनी वजन वाढू शकतं. अमिट्रिप्टिलिनने तर रात्री अकराला अशी भूक लागायची की भडंगाचा डबा घेऊन मी ओट्याशीच उभी राहायचे. कुणाला दुसऱ्या कारणासाठी स्टेरॉइड मिळालं, तर भूक वाढते, अंगात पाणी साठतं. त्यात गुडघ्यामुळे चालणं बंद आणि थकवा असा, की केस विंचरून झाले की बसावं लागे. हे सगळं मला एका फार्मासिस्ट बाईंनी समजावलं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ते का सांगू नये?

न सांगितल्याचा परिणाम वाईट होतो. बाई स्वतःला दोष देते, उपाशी राहते, किंवा गोळ्या परस्पर बंद करते. गाबापेंटिन आणि स्टेरॉइड एकाएकी बंद करणं धोक्याचं आहे. शिवाय अशा वेळी ‘शरीरातलं विष काढणारे’ लोक गाठतात: गहू सोडा, दूध सोडा, फळं सोडा, आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घ्या. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, उपचारानंतरही त्रास उरलेल्या रुग्णांना तब्बल ९० दिवस अँटिबायोटिक दिलं. नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही. त्रास खरा असतो, तो महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. पण म्हणून आधीच थकलेल्या माणसाचं जेवण तोडायचं, हे मला क्रूर वाटतं.

मी जेवण तोडलं नाही. वाटीभर उसळ किंवा दोन अंडी सकाळीच खाऊ लागले, कारण दुपारी स्वयंपाकाचं बळ नसे. रात्रीच्या भुकेसाठी ताक आणि भाजलेले चणे हाताशी ठेवले. भडंग घरात आणणंच थांबवलं. डॉक्टरांशी बोलून अमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी केलं, थायरॉइड तपासून घेतला. सूज उतरल्यावर पोहण्याच्या तलावात नुसती चालायचे, कारण पाण्यात गुडघ्यावर भार कमी येतो. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी जास्त चालायचा मोह आवरावा लागे. नाहीतर दुसरा दिवस अंथरुणात जायचा. वजन थांबलं, मग सावकाश उतरलं, सगळं नाही. गुडघा वाकतो, हे मला त्याहून मोठं वाटतं.

उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले आईवडील इथे हौसेने बाग करतात. गेल्या वर्षी शेजारच्या मराठी घरातल्या सासूबाईंना लाइम निघाला, नसांच्या दुखण्यावरही गोळ्या मिळाल्या. त्यांच्या सुनेला मी सांगितलं, पहिल्याच दिवशी वजन लिहून ठेव. यातल्या कुठल्या गोळीने भूक वाढते, ती किती दिवस घ्यायची आणि वजन चढू लागलं तर पर्याय काय, हे डॉक्टरांना तिथेच विचार. आणि आईंचा भात कमी करू नकोस.