पळणारी गाडी आणि थांबणारी गाडी

मुलांनो, पावसाळ्यात नळदुर्गला गेला आहात का? बोरी नदी भरून वाहू लागली, की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळू लागतात. ते पाहायला सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून गाड्यांची रीघ लागते. समजा, तुमची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चाललीय आणि एकदम म्हैस आडवी आली! गाडी थांबवणार कोण? ब्रेक! पण मग तो वेग जातो कुठे?

तळहात एकमेकांवर जोरात घासा बरं. गरम झाले ना? ब्रेकही हेच करतो. १००० किलो वजनाची गाडी या वेगात असताना तिच्यात २ लाख ज्यूल ऊर्जा असते. थांबताना तिची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेवर अर्धा लिटर गार पाणी सहज उकळेल!

पुढच्या चाकाच्या आत लोखंडी तबकडी असते, तिला म्हणतात डिस्क. पेडल दाबलं, की नळीतल्या ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत पोचतो आणि दोन पॅड डिस्कला चिमटीत धरतात. एस.टी.ने ब्रेक मारला, की उभे प्रवासी पुढे झुकतात, हो ना? तसाच गाडीचाही भार पुढे येतो. म्हणून जास्त काम पुढच्या ब्रेकना.

घासून घासून पॅड झिजतात. बाबा किंवा मेकॅनिक काका चाक उतरवतील तेव्हा शेजारी उभं राहून नीट बघा. स्वतः मात्र हात घालू नका! गाडी सपाट जागी हवी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली भक्कम स्टँड हवाच. पॅडचा घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास उरला, की पॅड बदलायची वेळ आली. डिस्कवर खोल चरे किंवा तडे आहेत का, तेही बघायचं. पावसानंतर आलेला पातळ गंज मात्र दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

ब्रेकची काळी धूळ फुंकर मारून उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसांना घातक असतं. धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायची. डिस्कला तेल-ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. कॅलिपर सोडला तर तो रबरी नळीला लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. आणि सगळं जोडून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायचं. हे विसरलं, तर पहिल्या वेळी पेडल खाली जाईल, पण गाडी थांबणार नाही!

आई-बाबांनो, ब्रेक मारताना चाकातून किंचाळल्यासारखा आवाज आला तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. बऱ्याच पॅडना झीज कळवणारी पत्र्याची जीभ असते, तीच ओरडत असते.

आता तुमच्यासाठी कोडं : सायकलचा ब्रेक पावसात लवकर का लागत नाही? विचार करा, उत्तर पुढच्या अंकात!