कंसातलं 'बॉम्बे'

हार्बरच्या पनवेल लोकलमध्ये लेड झेपेलिनचा टी-शर्ट घातलेला एखादा तरी भेटतोच. छातीवर पंख पसरलेला तो उघडा माणूस. 'याने एक तरी गाणं ऐकलंय का?' असा टोमणा जुने रॉकवाले हमखास मारतात. मारू देत. टी-शर्टवरून गाण्याकडे गेलेले मी बरेच पाहिलेत.

बॅण्डची माहिती एका दमात सांगते. १९६८ साली लंडनमध्ये चौघं जमले. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लँट, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रम्सवर जॉन बॉनम. सप्टेंबर १९८० मध्ये बॉनम गेला आणि उरलेल्या तिघांनी बॅण्डच बंद केला. जेमतेम बारा वर्षं. पण त्यानंतर ज्याने ज्याने गिटार मोठ्या आवाजात लावली, तो यांचं काही ना काही घेऊनच उभा राहिला.

आता या बॅण्डने कुणाचं काय घेतलं ते बघा. 'होल लॉटा लव्ह'चे शब्द विली डिक्सन या अमेरिकन ब्लूजवाल्याच्या गाण्याशी इतके जुळत होते, की त्याने १९८५ मध्ये कोर्ट गाठलं. दोन वर्षांनी तडजोड झाली आणि पुढे गाण्यावर त्याचंही नाव लागलं. 'स्टेअरवे टू हेवन'वरही खटला झाला. तो मात्र बॅण्डने जिंकला, हेही सांगायला हवं. पहिल्याच अल्बममधलं 'ब्लॅक माउंटन साइड' तर मजेशीर आहे. त्यावर तबला आहे, वाजवलाय विराम जसानींनी, आणि अल्बमवर त्यांचं नावही आहे. पण चाल जुन्या आयरिश लोकगीताची, बर्ट जॅन्श नावाच्या गिटारिस्टच्या वाजवण्यातून आलेली. संगीतकार म्हणून नाव कुणाचं? जिमी पेज.

मला यात अर्धीच गोष्ट खटकते. घेण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, संगीत असंच चालतं. नाव गाळायचं मात्र काही कारण नव्हतं.

आणि यात आपली मुंबईही आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोत इथल्या पोरांबरोबर त्यांनी वाजवलं, हा किस्सा जुने मुंबईकर अजून सांगतात. पण खरं काम स्टुडिओत झालं. इथले वादक घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. 'फोर स्टिक्स' हे नाव पडलं, कारण बॉनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं होतं. पाच आणि सहा मात्रांचा खेळ आहे तो. झपताल-दादरा वाजवणाऱ्याला ही भानगड ओळखीची वाटेल. टेप पडून राहिल्या आणि २०१५ मध्ये 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आल्या. गाण्याच्या नावापुढे कंसात दोनच शब्द: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

ऑर्केस्ट्रा म्हणजे कोण हो? कुणीतरी व्हायोलिनवाला, कुणीतरी तबलावाला. त्या काळात हिंदी सिनेमातही वादकांची हीच गत होती. पडद्यावर संगीतकाराचं नाव, मागचे पन्नास-साठ जण अंधारात. त्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरात गेलं, तेही शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात ते घातलं म्हणून.

हे जुनं झालं म्हणून सोडून द्यावं तर आपण काय वेगळं करतोय? कॉलेज फेस्टला फ्यूजन बसवताना ढोलकीला उरण-पेणकडचा, एरवी हळदीला बेंजो पार्टीत वाजवणारा मुलगा येतो. दोन प्रॅक्टिसमध्ये तो गाण्याला जे वजन आणतो, ते आपल्या ड्रमरला महिनाभर जमलेलं नसतं. मग रील पडते. व्होकलिस्ट टॅग, गिटारिस्ट टॅग, फोटो काढणारा मित्रसुद्धा टॅग. ढोलकी? 'विथ टीम'. त्याला पुढची सुपारी मिळायची तर त्याच रीलवरून मिळणार असते. पैसे दिले ना, असं म्हणणारे भेटतात. पेजनेही मुंबईत पैसे दिलेच असतील.

तर फेस्टच्या कमिट्यांनी यंदा एवढं करावं: वाजवणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव निवेदकाच्या कागदावर आणि पोस्टखाली. याला बजेट लागत नाही.

आणि 'फोर स्टिक्स'ची मुंबईची आवृत्ती एकदा हेडफोन लावून ऐका. तबल्याकडे कान ठेवा. तुमच्या नाहीतर शेजारच्या घरात कुणी आजोबा रेकॉर्डिंगला वाजवायला जात असतील, तर त्यांनाही ऐकवा. १९७२ साली ते कुठं कुठं जायचे, विचारून बघा.