पोक काढून बसू नका!

मैत्रिणींनो, संध्याकाळी चेंबूरच्या डायमंड गार्डनमध्ये येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या पाठींकडे सहज पाहा. मोबाईलमध्ये मान घातलेली कॉलेजकन्यका, हार्बर लोकलमधून उतरून दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली नोकरदार गृहिणी, काठी टेकत येणाऱ्या आजी. तिघींच्या पाठीला पोक. पण कारण प्रत्येकीचे वेगळे असू शकते.

म्हणून आधी घरच्या घरी पाहा. सतरंजीवर उशीशिवाय उताणे झोपा. डोके व खांदे सहज टेकले, तर पोक बहुधा सवयीचे. ते व्यायामाने सुधारते. पाठ सरळ होतच नसेल, पाळी गेल्यानंतर उंची कमी झाली असेल किंवा पाठीत अचानक कळ आली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हाडे ठिसूळ झाली की मणके नकळत चेपतात. अशा वेळी पश्चिमोत्तानासनासारखे पुढे वाकण्याचे प्रकार अजिबात नकोत. वाढत्या वयाच्या मुलीचे पोक झोपूनही जात नसेल, तर तिलाही दाखवून आणा. काही मुलांच्या मणक्यांची वाढच पाचरीसारखी होते.

सवयीच्या पोकासाठी हे तीन व्यायाम रोज करा :

१. दाराच्या चौकटीत उभ्या राहा. दोन्ही कोपरे खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवून एक पाऊल पुढे टाका. छाती ताणली गेली पाहिजे. ३० सेकंद, ३ वेळा.

२. भिंतीला पाठ व डोके टेकवा, टाचा चार बोटे पुढे. हनुवटी किंचित आत घ्या. हात भिंतीला घासत वर न्या, खाली आणा. १० वेळा.

३. भुजंगासन. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसनांचा शास्त्रीय अभ्यास केला, त्यांतलेच हे एक. पालथे झोपून, हातांवर भार न देता, पाठीच्या जोरावर छाती उचला. पाच आकडे मोजा. ५ वेळा.

दुखले तर थांबा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा आठवड्यात कंटाळू नका! भाजी निवडताना ताट मांडीवर न घेता टेबलावर घ्या.

आणि एक सांगू? वयात येणारी मुलगी पुष्कळदा लाजेने खांदे पाडते. तिला नुसते "नीट बस गं" म्हणून भागत नाही. मापाचे अंतर्वस्त्र आणून द्या, अंगावरून थट्टा करणाऱ्यांना गप्प करा. ताठ चालायला आधी मनातला संकोच जावा लागतो.