मैदानाबाहेर कुणी बसू नये

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलास इन्सुलिन देण्यात आले. तो आणखी १३ वर्षे जगला. आज आपल्या वसतिगृहांतील मधुमेही मुले शिकतात, वाढतात. परंतु खेळाच्या तासाला आपण त्यांना काळजीपोटी झाडाखाली बसवितो. मीही बसविले आहे. ती माझी चूक होती.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर रक्तवाहिन्यांना इजा होते आणि हृदयविकाराची बीजे कुमारवयातच रुजतात. धावणे, कबड्डी यांनी हृदय बळकट होते, शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी सांगितलेला रोजचा सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम याही मुलांना हवा. दक्षता मात्र आवश्यक: खेळापूर्वी साखर तपासावी, शिक्षकाच्या खिशात ग्लुकोज असावे, घाम व थरथर ओळखता यावी. खेळानंतर रात्रीही साखर उतरू शकते, हे अधीक्षकांनी ध्यानी ठेवावे.

वेगळे बसविले जाण्याचे दुःख आपल्या समाजास समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पालकांनी आजार लपवू नये. माजी विद्यार्थ्यांनी शाळेस ग्लुकोमीटर व पट्ट्या द्याव्यात. आणि आम्ही शिक्षकांनी त्या मुलांना मैदानात बोलवावे.