माणूस हरवल्यावर काय बोलावे : मानखुर्दकरांना जाहीर आवाहन



आपल्याकडे एखादी मुलगी संध्याकाळी क्लासवरून परतली नाही की तासाभरात गल्लीला सगळे ठाऊक झालेले असते. कोणाबरोबर तरी गेली असेल, आईचे लक्षच नव्हते, घरात भांडण झाले होते, पलीकडच्या चाळीतला तो मुलगाही दिसत नाही. तिकडे आई मोबाइलमधला फोटो दाखवत स्टेशनवर फिरत असते. मुलीच्या अंगावर कोणता ड्रेस होता, हे तिला विचारणारा एखादाच निघतो.

या चर्चेचा पहिला फटका तपासाला बसतो. चार लोक काय म्हणतील या धाकाने घरचे पोलिसांकडे जातच नाहीत. गावाकडे, नातेवाइकांकडे गुपचूप फोन करत बसतात आणि रात्र निघून जाते. मानखुर्दचे पुढचे स्टेशन वाशी, म्हणजे खाडी ओलांडली की दुसरे शहर. कुर्ला टर्मिनसवरून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. वाया गेलेली ती एक रात्र फार महाग पडते.

म्हणून हे पक्के लक्षात ठेवा. चोवीस तास थांबून मग तक्रार द्यायची, असा कुठलाही नियम नाही. हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर नुसती 'मिसिंग' नोंद पुरत नाही. अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच तसे बजावले आहे. आपल्या भागात मानखुर्द, ट्रॉम्बे, शिवाजीनगर, गोवंडी, देवनार अशा हद्दी एकमेकींना लागून आहेत. 'आमच्या हद्दीत येत नाही' असे कोणी म्हणाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायला सांगा. कायद्यात ती सोय आहे. शेजाऱ्यांनी खरी मदत करायची असेल तर आईबापांबरोबर पोलिस ठाण्यात जाऊन बसावे.

अंधेरीच्या डी. एन. नगर पोलिस ठाण्याचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. २००८ ते २०१५ या काळात तिथे १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी होत्या. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ मुली शोधल्या. राहिलेली एक मुलगी जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना नाहीशी झाली होती, वय सात. निवृत्त झाल्यावरही भोसले तिचा फोटो जवळ बाळगून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली. तेव्हा ती स्वतःच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत होती! तिला घर मिळवून दिले ते हरवल्याच्या जुन्या पोस्टरने. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते, पाचवा एका शेजाऱ्याचा होता आणि तो लागला. शेजाऱ्याने काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या मोबाइलवर येणारी पोस्टर आता बघा. बहुतेकांवर तारीख नसते, पोलिस ठाण्याचे नाव नसते. मूल केव्हाच घरी आलेले असते आणि मेसेज वर्षभर फिरत राहतो. असा मेसेज पुढे ढकलू नका. आधी दिलेल्या नंबरवर फोन करा. आपल्या गल्लीतले पोस्टर बनवत असाल तर तारीख, वेळ, ठिकाण, कपडे, अंगावरची खूण, ठाण्याचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक घाला. नंबर एकापेक्षा जास्त द्या आणि ते चालू ठेवा.

'पोरं पळवणारी टोळी आली आहे' हा मेसेज तर अजिबात पाठवू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने पाच माणसांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती. आठवडी बाजारात जमलेल्या लोकांनी त्यांना ठेचून मारले. आपल्या वस्तीत रोज भंगारवाले, कचरा वेचणाऱ्या बाया, फेरीवाले, नवे भाडेकरू येतात. अनोळखी माणूस मुलाशी बोलताना दिसला आणि संशय आला तर ११२ ला फोन करा. त्याच्या अंगाला हात लावू नका, व्हिडिओ काढून पसरवू नका.

लहान मूल एकटे रडताना दिसले तर ते हरवलेले असू शकते. लल्लूभाई कंपाउंडच्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींत चार वर्षांचे पोर सहज चुकते. त्याला तिथेच धीर द्या, आजूबाजूला विचारा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. माया म्हणूनही घरी ठेवून घेऊ नका. चोवीस तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्यांचे घर लगेच सापडत नाही अशी मुले आपल्याच मानखुर्दच्या बालगृहात येतात. त्यातल्या काहींना पत्ता सांगता येत नाही, काहींना बोलताही येत नाही. त्यांचे आईबाप कुठेतरी शोधत असतात.

आणि सज्ञान मुलगी किंवा सून स्वतःहून घर सोडून गेली असेल तर ती सुखरूप आहे एवढे कळणे पुरे. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे हुडकून काढणे गल्लीचे काम नाही. कधी कधी तिला घरातल्याच कोणाचे तरी भय असते.

परत आलेल्या मुलीला याच नळावर पाण्याला यायचे असते, याच शाळेत बसायचे असते. अशा अल्पवयीन मुलांची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. ज्यांनी ज्यांनी हरवल्याचा मेसेज पुढे पाठवला असेल त्यांनी मूल सापडताच तसे त्याच ग्रुपवर कळवावे आणि फोटो काढून टाकावा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनांनी हे आजच तपासावे, ही विनंती.

– मानखुर्दमधील एक रहिवासी