आधी प्रोग्राम, मग पाथ

जावा शिकवताना अनेक ठिकाणी पहिला तास सेटिंगमध्येच जातो. जेडीके इन्स्टॉल करा, ‘जावा_होम’ तयार करा, ‘पाथ’मध्ये बिन फोल्डर जोडा. एवढे करूनही ‘जावासी’ ही आज्ञा ओळखता येत नाही असे उत्तर आले, की नवखा विद्यार्थी हिरमुसतो. हे काम त्याच्याकडून हातानेच करून घ्यावे, की साधनांवर सोपवावे?

सोपवावे, असे म्हणणाऱ्यांचे बरेचसे बरोबर आहे. इंटेलिजे हवा तो जेडीके स्वतः उतरवून घेते. एक्लिप्स 2020 पासून स्वतःपुरता जावा रनटाइम सोबत आणते. उलट हाताने केलेली चूक महागात पडते. ‘सेटएक्स’ ही विंडोजची आज्ञा 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. पाथ लांबलचक असेल, तर इतर प्रोग्रामच्या नोंदीही त्यात जातात. ज्याला अजून लूप लिहिता येत नाही, त्याच्यावर हा भार पहिल्याच दिवशी कशाला?

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. पाथ ही फोल्डरांची क्रमवार यादी असते. आज्ञा दिली की संगणक ती ओळीने तपासतो आणि पहिली सापडेल ती फाइल चालवतो. जावा 8 आणि जावा 21 दोन्ही एकाच संगणकावर असतील, तर कोणती चालणार हे या क्रमावर ठरते. मावेन आणि टॉमकॅट मात्र आधी ‘जावा_होम’ पाहतात. त्यामुळे टर्मिनल एक आवृत्ती दाखवते आणि मावेन दुसरीच वापरतो. 21 साठी कंपाइल झालेली क्लास फाइल 8 वर चालत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस सगळे पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. शिवाय 2017 नंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तेव्हा हा घोळ वारंवार होणार. नोकरीत लिनक्स सर्व्हर हाताळताना तर एक्लिप्सची खिडकीही मदतीला नसते.

आमच्या मते क्रम बदलावा, विषय गाळू नये. सुरुवातीचे आठवडे तयार साधनांवर जाऊ द्यावेत. मेथड आणि क्लास हाताखाली आले, की दोन जेडीके ठेवून एक पूर्ण प्रात्यक्षिक घ्यावे. पाथचा क्रम बदलून ‘व्हेअर जावा’ काय दाखवते ते पाहू द्यावे. टर्मिनल सुरू होतानाच सेटिंगची प्रत घेते, म्हणून बदल नव्या खिडकीत दिसतो, हेही तिथेच सांगावे. ‘क्लासपाथ’ कायमचा नोंदवण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात चालू फोल्डरचा टिंब राहून गेला, तर समोरची फाइलही सापडत नाही. तो मार्ग आज्ञेसोबतच द्यावा.

परीक्षेत पायऱ्या लिहायला लावू नयेत. बिघडलेली सेटिंग समोर ठेवावी आणि ती दुरुस्त करायला सांगावी. कामावर विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न येणार आहे.